साडेआठ वाजले की निघा

हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही. सुनंदा माझी बायको. एकतीस वर्षांचा संसार, आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे फार काही नव्हतंही — हे एक सोडून. तिलाच काय, कुणालाही सांगायची संधी मिळाली नाही असं म्हणता आलं असतं. पण संधी आली होती. दोनदा तर अगदी समोर येऊन उभी राहिली होती. मी बोललो नाही.

तुम्ही मला ओळखत असण्याची शक्यता आहे. मी निवृत्त शिक्षक, सरकारी प्राथमिक शाळेतला, आणि गेली दहा-बारा वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीकडे वेळेच्या नियोजनावर बोलतो. कॉलेजात बोलतो, बचत गटांच्या मेळाव्यात बोलतो. एकदा वडशाला धानाच्या व्यापाऱ्यांपुढेही बोललो. लोक ऐकतात. नंतर कुणीकुणी भेटून सांगतं की सर, तुमच्यामुळे मी पाचला उठायला लागलो, आता घरच्यांसाठी वेळ मिळतो. ते खरं सांगत असतात. मीही माझ्या व्याख्यानात खरंच सांगतो — बहुतेक.

माझी एक वही असते. दरवर्षी नवी. प्रत्येक पानावर त्या दिवसाचे तास उभे आखलेले, समोर काम. सकाळी पाचला उठणं, सहापर्यंत चालणं, मग तासभर तबल्याचा रियाज, मग वाचन, मग मुलाचा अभ्यास. संध्याकाळी बॅडमिंटन, रात्री आठला तिघांनी एकत्र जेवण. कामाला कामाची जागा, घराला घराची, शरीराला शरीराची. हे सगळं मी नुसतं लिहिलं नाही, जगलो. निखिल, माझा मुलगा, चांगला शिकला. माझी साखर कधी वाढली नाही. सुनंदा लोकांना अजून सांगते, आमच्याकडे घड्याळ बिघडलं तरी चालेल, हे आहेत ना.

हे सांगतो ते बढाई म्हणून नाही. तो समतोल कुठून आला, ते सांगायचं आहे. दिवसाला चोवीसच तास असतात, हे वाक्य मी प्रत्येक व्याख्यानात म्हणतो. मग मला जास्तीचे तास कुठून मिळाले? हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही. विचारायला हवा होता, नाही का?

अठरा वर्षांपूर्वी मी गोंडपिपरीच्या पलीकडे जंगलातल्या एका गावात शिक्षक होतो. गावाचं नाव लिहीत नाही. साठ-सत्तर घरं, बहुतेक गोंड. पहिली ते पाचवीची शाळा, एक खोली, एक व्हरांडा. दोन शिक्षकांची जागा, पण दुसरी तीन वर्षं रिकामीच होती. मुख्याध्यापक मी, शिपाई मी, घंटा वाजवणाराही मीच. घंटा म्हणजे मोहाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तो ठोकला की आवाज पार शेतांपर्यंत जायचा.

आधीची दोन वर्षं मी गावातच खोली घेऊन राहिलो. मग निखिल शाळेत जाऊ लागला आणि मी बिऱ्हाड गोंडपिपरीला ठेवून मोटारसायकलवर अप-डाऊन सुरू केलं. जंगलाचा रस्ता, एक तास जायला, एक तास यायला. हे दोन तास माझ्या वहीत कुठेच बसेनात. शाळा साडेदहाची. म्हणजे साडेनऊला घर सोडणं आलं, म्हणजे वाचन गेलं. शाळा पाचला सुटायची. म्हणजे सहाला घरी, म्हणजे बॅडमिंटन गेलं, उन्हाळा सोडला तर अंधारही झाला. त्या रस्त्यावर वाघ होता, तो आजही आहे. पण वाघाचं कारण मी इतरांना सांगायचो. तुम्हाला नाही सांगत.

मी उशिरा जाऊ लागलो. दहा मिनिटं, वीस, मग अकरा वाजून दहा हीच माझी पोचायची वेळ ठरून गेली. शाळेच्या भिंतीवर फळ्याच्या वर एक घड्याळ होतं, मीच माझ्या हौसेनं आणून लावलेलं. रोज आत शिरलो की ते मला अकरा-दहा दाखवायचं. मुलं व्हरांड्यात बसून असायची. चौथी-पाचवीच्या मुलांना घड्याळ कळत होतं — मीच शिकवलं होतं. ती काही म्हणायची नाहीत. पण एकदा घड्याळाकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

एके दिवशी त्या घड्याळातला सेल संपला. नवा सेल मी सोबतच नेला होता. खुर्चीवर चढलो, सेल घातला, आणि मागची चकती फिरवून काटे लावायला लागलो. मनगटावरच्या घड्याळात अकरा-दहा झाले होते. मी भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा लावले. मग बाहेर जाऊन घंटा ठोकली.

इतकं सोपं होतं ते. मला आठवतं, छातीत धडधड वगैरे काही झालं नाही. उलट बरं वाटलं — बऱ्याच दिवसांनी मी शाळेत वेळेवर पोचलो होतो.

त्यानंतर ती पद्धतच झाली. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर खिचडी खात असली की मी खुर्चीवर चढून काटे पुढे न्यायचो, पुरते एक तास चाळीस मिनिटं. मग चारलाच पाच वाजायचे, घंटा व्हायची, मुलं घरी. जाताना मी परत काटे मागे आणून ठेवायचो, दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी खऱ्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं मागे. या एका कामाला वहीत जागा द्यावी लागली नाही. दोन मिनिटांत व्हायचं.

माझी सकाळ वाचली. संध्याकाळ वाचली. रियाज वाढला. त्या वर्षी मी चोवीस पुस्तकं वाचली, वहीत नोंद आहे. आणि त्याच वर्षी तालुक्याच्या शिक्षक बैठकीत साहेबांनी मला उभं करून सांगितलं की या सरांकडून शिका, नोकरी करून घर, छंद, तब्येत सगळं कसं सांभाळतात. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

गावात हे कुणाच्या लक्षात आलं नाही का? दोन-चार जणांकडे घड्याळं होती. पण शाळेचं ते खरं, आपलं ते मागे-पुढे असणार, असं ते धरून चालायचे. बाकीचे लोक वेळ पाहायला शाळेच्या खिडकीशी यायचे. खिडकीला गज होते, फळी नव्हती, आणि घड्याळ बरोबर समोर. औषध किती वाजता द्यायचं, आठवडी बाजारातून येणारी जीप केव्हा, असल्या कामांना यायचे. एरवी त्यांचं काम सूर्यावर भागायचं.

फक्त एकदा मंगरूभाऊ म्हणाला होता. मंगरू म्हणजे पाचवीतल्या जयवंतीचा बाप. शाळेच्या मागेच त्याचं धानाचं वावर. मी चारला मोटारसायकल काढत होतो, तो बांधावर उभा होता.

"सर, यंदा दिवस लवकर बुडून राह्यला का जी? पोट्टे तं उनातच घरी येतेत."

"हिवाळा आहे ना, मंगरूभाऊ," मी म्हणालो.

तो हसला, मान हलवली. मी किक मारली. त्यानं थट्टा केली होती की खरंच विचारलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

जयवंतीबद्दल सांगायला हवं. मी तिच्याबद्दल सांगायचं टाळत इथवर आलो, हे माझ्याही लक्षात येतं आहे.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला तिच्यासारखी मुलं दोन, फार तर तीन भेटली. हिशेबात चुकत नसे हा भाग वेगळा, पण एखादी गोष्ट तिला पटली नाही तर ती गप्प बसून राहायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायची, "सर, काल तुमी सांगलं ते मी घरी करून पाह्यलं, तसं नाई होत." चुकलेला मी असायचो. घड्याळ ती दुसरीत असतानाच शिकली, एका दुपारीत. बाकीच्यांना आठवडा लागला. नंतर खिडकीशी येणाऱ्या म्हाताऱ्यांना तीच वेळ वाचून सांगायची, तेही मिनिटांसकट.

एका निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा असते. पाचवीत असताना, एकदाच देता येते. निवड झाली तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. मीच जयवंतीचा अर्ज भरला. मीच तिला तयारीची पुस्तकं आणून दिली. हे मी मनापासून केलं. तेवढं म्हणतो आणि सोडून देतो, कारण त्यानं पुढच्या गोष्टीत काही बदलत नाही.

परीक्षा रविवारी, गोंडपिपरीच्या एका हायस्कुलात, साडेअकराला. अकरापर्यंत आत जायचं. गावापासून फाटा तीन किलोमीटर. तिथून साडेनऊची बस. ती गेली की पुढची थेट एक वाजता. शुक्रवारी मी मंगरूला शाळेत बोलावून सगळं समजावलं.

तो म्हणाला, "आमी तं कोंबडा आरवला का निंघून जाऊ जी. काई फिकीर नका करू."

आणि मी त्याला थांबवलं. हे वाक्य मी वाटेल तेव्हा आठवू शकतो, माझ्याच आवाजात. मी म्हणालो, "मंगरूभाऊ, हेच तर आपल्या लोकांचं चुकतं. अंदाजानं चालायचं आणि अर्धा दिवस वाया घालवायचा. पोरीला झोप नीट होऊ दे, सकाळी थोडं वाचू दे, पोटभर खाऊ दे. घड्याळानं चाला. शाळेच्या घड्याळात साडेआठ वाजले की निघा. आरामात पोचता."

जयवंती बाजूला उभी होती. "साडेआठ," ती म्हणाली, पाठ केल्यासारखं.

तेव्हा ते घड्याळ बरोबर नाही हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुम्ही विश्वास ठेवाल का, ठाऊक नाही. इतके महिने मी ते माझ्या हातानं मागेपुढे करत होतो, आणि तरी ते शाळेचं घड्याळ आहे, बरोबरच असणार, असं मीसुद्धा धरून चाललो होतो.

शनिवारी सकाळची शाळा. शाळा सुटली, मी खुर्चीवर चढलो, सोमवारसाठी काटे चाळीस मिनिटं मागे घेतले, कुलूप लावलं, निघालो. हाताच्या सवयीनं झालं, तिथवर ती चूक म्हणता येईल.

पण नाल्यापाशी मला आठवलं.

गावापासून चार-साडेचार किलोमीटरवर एक नाला आहे, तिथे मोटारसायकल हळू करावी लागते. मी हळू केली आणि एकदम लख्ख समजलं — उद्या जयवंती खिडकीतून बघेल तेव्हा त्या घड्याळात साडेआठ असतील, आणि खरे नऊ वाजून दहा झालेले असतील. मी गाडी थांबवली. पाय टेकवले. मनगटावर बघितलं. परत जाणं, कुलूप काढणं, काटे लावणं, पुन्हा इथवर येणं — धरा, अर्धा तास. शनिवारचं दुपारचं जेवण आमचं तिघांचं एकत्र असायचं, साडेबाराला. मग वीस मिनिटं झोप, मग दोनला तबल्याचा वर्ग. सुनंदानं त्या दिवशी पाटवडी केली होती, हेही मला आठवतं.

मी किती वेळ थांबलो असेन? दोन मिनिटं. मी मनात म्हणालो, ही माणसं अशीही पहाटेच उठतात, माझं ऐकून कोण साडेआठपर्यंत थांबतं. मी म्हणालो, चाळीस मिनिटांनी काय होतं, बसही उशिराच येते. मग मी निघालो. साडेबाराला पानावर बसलो होतो.

तेव्हा हे विसरणं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःशीसुद्धा 'त्या दिवशी विसरलो' असंच म्हणत आलो. मी विसरलो नव्हतो.

रविवारी परीक्षा केंद्रावर माझीच पर्यवेक्षक म्हणून नेमणूक होती. सव्वाअकरापर्यंत मी दोनदा फाटकाशी जाऊन आलो. साडेअकराला पेपर वाटले. जयवंतीचा बाक रिकामा. मी हजेरीच्या कागदावर तिच्या नावापुढे रेघ मारली. वर्गात पंखा फिरत होता, मुलं लिहीत होती, आणि मी आखलेल्या कामाप्रमाणे ओळींमधून फिरत होतो. खरं सांगतो, मला तेव्हाही फार काही वाटलं नाही. वाटायला वेळ लागतो.

सव्वाबाराला शिपाई बोलवायला आला. फाटकाबाहेर मंगरू आणि जयवंती. ती शाळेच्या गणवेशात, धुतलेल्या, केसांना तेल, लाल फिती. हातात लिहायचा पुठ्ठा छातीशी धरलेला. बस चुकल्यावर दोघं फाट्यावरून चालत सुटली होती. मग बांबूच्या एका ट्रकनं त्यांना निम्म्या वाटेपासून आणलं. मंगरूच्या अंगावर धूळ होती. त्यानं शिपायाला हात जोडले होते, मला पाहून माझ्याकडे वळवले.

"सर, बस निंघून गेलती. आमी तं टायमावर निंघालो जी."

केंद्राचे मुख्य गुरुजी माझ्या मागून आले. त्यांनी सांगितलं, आता काही करता येणार नाही, नियम आहे. मग सहज विचारलं, "उशीर कसा झाला?"

जयवंतीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "सर, शाळेच्या घड्याळात साडेआठच वाजले होते. मी दोन डाव पाह्यलं. बाबा म्हणे चाल, तं मीच म्हटलं, सर साडेआठ म्हणले."

म्हणजे तिनंच बापाला थांबवून धरलं होतं. माझ्या शब्दासाठी.

आता बोलायचं होतं ते मी. मुख्य गुरुजी उभे होते, शिपाई उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जयवंती, तू चुकलीस. लहान काटा नऊच्या पुढे गेला असेल, तुला कळलं नाही. घाईत होतं असं."

"नाई सर," ती म्हणाली. "आठ अन् नऊच्या मंधात होता."

"मग मी खोटं बोलतो का?" मी म्हणालो. आवाज चढवला नव्हता. वर्गात बोलतो तसाच बोललो.

मंगरूनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही — आजपर्यंत पोरगी सांगेल ते खरं मानत आलेला माणूस पहिल्यांदा शंकेनं बघतो, तसं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे माय. होते." दोघं वळून स्टँडकडे गेली. मी परत वर्गात गेलो. अजून तासाभराचा पेपर बाकी होता.

गैरहजर विद्यार्थ्यांसाठी एक कागद भरून द्यायचा असतो. कारणाच्या जागी मी लिहिलं, 'पालकांची अनास्था.' खाली सही.

इथे थांबलो असतो तरी पुरेसं होतं. सोमवारी मी साडेनऊला घर सोडलं. दहा-पंचवीसला शाळेत. मुलं यायच्या आत घड्याळ बरोबर लावलं, मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळवून. मग घंटा दिली. सगळी बसल्यावर जयवंतीला पुढे बोलावलं आणि विचारलं, किती वाजले?

ती खूप वेळ बघत राहिली. तिला काहीतरी वेगळं दिसत होतं, यात मला शंका नाही. उन्हाची तिरीप दारातून कुठवर येते, हे त्या मुलांना रोजचं ठाऊक. साडेदहाला ती तिरीप आज निराळ्या जागी होती. ती खाली बघायची, मग वर बघायची.

"साडेदहा," ती शेवटी म्हणाली.

"बरोबर," मी म्हणालो. "बघा, नीट पाहिलं की येतं. घाईत पाहिलं की परीक्षा जाते." आणि त्या दिवशी सगळ्या वर्गाला घड्याळाचा धडा पुन्हा शिकवला. तिला फळ्याजवळ उभी ठेवून. तिनं पुठ्ठ्याच्या घड्याळावर मी सांगितलेली एक वेळ चुकीची लावली — आयुष्यात पहिल्यांदा. मुलं हसली. मी हसू दिलं.

गावात बोलणं झालं की मंगरू शनिवारच्या बाजारात पिऊन आला असेल, सकाळी उठला नसेल. तो शनिवारी बाजारात गेलाच नव्हता. माझ्यासमोर दोघातिघांनी हे म्हटलं. मी "असं बोलू नये" एवढं म्हणालो. ऐकणाऱ्याला त्यातून काय कळतं, हे मला समजत होतं.

महिनाभर मी वेळेवर गेलो. मग एक दिवस घड्याळ दुरुस्तीला नेतो म्हणून उतरवलं आणि परत लावलं नाही. ते बिघडलेलं नव्हतं. भिंतीवर पांढरा गोल राहिला. घंटा मी सोयीनं देऊ लागलो, पुन्हा अकरा-दहाला. दीड वर्षानं बदली झाली.

जयवंती सहावीला नऊ किलोमीटरवरच्या शाळेत गेली, एक वर्ष. मग सोडली. ती परीक्षेत निवडली गेली असती का? मला माहीत नाही. हा प्रश्न मी फार वेळा वापरला आहे, स्वतःला गप्प करायला. तिला परीक्षा देता आली असती, एवढं मला माहीत आहे.

व्याख्यानांत मी त्या शाळेबद्दल बोलतो. 'ज्या गावात घड्याळ नव्हतं तिथल्या मुलांना मी वेळ शिकवली' — हा माझा हुकमी किस्सा. लोकांना तो आवडतो.

मागच्या वर्षी गडचिरोलीला बचत गटांचा मेळावा होता. अकराला माझं व्याख्यान. दिवस आखला की आयुष्य आखलं जातं, बायकांनी स्वतःसाठी रोज अर्धा तास काढलाच पाहिजे, असं सगळं बोललो. संपल्यावर चहा चालू असताना एक बाई आली. तिशीच्या आतली, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. पाया पडली. मी ओळखलं नाही.

"सर, मी जयवंती. मंगरूची."

मी काहीतरी म्हणालो — अरे वा, किती मोठी झालीस, असं. तिनं सांगितलं की इकडेच सासर आहे, हिरडा-बेहडा गोळा करणाऱ्या बायांच्या गटात ती आहे, नवरा चांगला आहे. बाबा दोन वर्षांमागे गेले. भाषण चांगलं झालं म्हणाली. मग हसत म्हणाली,

"पण सर, मले घड्याळ अजून नाई जमत. पाहतो तं समजते, पण भरवसा नाई वाटत. लेकीले विचारा लागते. अन् कुठी जायचं असन तं मी दोन-दोन घंटे आधीच जाऊन बसतो. आजबी नऊलेच येऊन बसली होती. गटातल्या बाया हासतेत."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. लाजत सांगत होती, आपल्यातला एक दोष जुन्या गुरुजींना सांगावा तसा. तिची मुलगी माझ्या मनगटाकडे बघत होती.

ही दुसरी वेळ. कुणी ऐकणारं जवळ नव्हतं. मुख्य गुरुजी नव्हते, शिपाई नव्हता, नोकरीही राहिली नव्हती. मी म्हणालो, "लवकर पोचणं चांगलीच सवय आहे, जयवंती."

ती खूश झाली.

जेवण झाल्यावर आयोजकांच्या गाडीतून मी परत निघालो. तिची बस साडेचारची होती. मघाशी बोलण्यात तिनं सांगितलं होतं, आणि तिचं गाव माझ्याच रस्त्यावर. गाडी स्टँडवरून गेली तेव्हा तीन वाजायला आले होते. बाकड्याच्या टोकाला ती बसलेली दिसली. मुलगी मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि ती बस येते त्या वळणाकडे बघत होती. गाडीत मागची सगळी जागा रिकामी होती. मला घाई नव्हती. ड्रायव्हरनं विचारलंही, कुणाला घ्यायचं आहे का सर.

मी नाही म्हणालो.